दहा वर्षांची कबुली आणि रोजची भाकर : पंडिता रमाबाई, केडगाव, 1896 ते 1900

1898 साल उजाडलं तेव्हा पंडिता रमाबाईंपुढचा पेच हिशेबाच्या वहीतला होता. दीड वर्षापूर्वी त्यांच्या पुण्याच्या शाळेत पन्नासच्या आसपास मुली होत्या. आता केडगावच्या माळावर गवताच्या छपराखाली आणखी तीनशे मुली दोन वेळा जेवत होत्या. आणि ज्या अमेरिकी मंडळींनी दहा वर्षं पैसे पाठवायचं कबूल केलं होतं, त्यांची दहा वर्षं नेमकी त्याच सुमारास संपत होती.

ख्रिस्ती समाधानावर चर्चच्या मंडळीत बोलायचं झालं की उदाहरणं ठरलेली असतात. शेजाऱ्याची नवी गाडी, लग्नातलं सोनं, पुतण्याचं दुबईचं पॅकेज. ऐकणारेही माना डोलावतात, कारण ते दरवेळी दुसऱ्याबद्दलच असतं. पण एक ऐहिक इच्छा अशी आहे की तिच्यावर सहसा कोणी उपदेश करत नाही. उलट तिला शहाणपण म्हणून शाबासकी मिळते. ती म्हणजे हमीची इच्छा. पुढची दहा वर्षं कशी जातील हे आजच कुणीतरी लिहून द्यावं, ही इच्छा. रमाबाईंना दागिन्यांचा मोह कधी नव्हताच, त्यामुळे त्या बाबतीत त्यांच्याकडून शिकण्यासारखं फारसं नाही. त्यांना सोडावी लागली ती ही दुसरी इच्छा. म्हणून हे प्रकरण.

कबुली कशी मिळाली

रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे झाला. 1886 मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या तेव्हा त्या समारंभासाठी रमाबाई फिलाडेल्फियाला गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षं अमेरिकेत राहिल्या. गावोगाव व्याख्यानं दिली, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. त्यातून डिसेंबर 1887 मध्ये बॉस्टनला 'रमाबाई असोसिएशन' उभी राहिली. विधवांसाठी शाळा काढा, दहा वर्षं खर्च आम्ही देऊ, असा करार. अट एक होती. शाळेत धर्म शिकवायचा नाही. ज्यांच्या मुली येणार त्या घरांचा विश्वास बसावा म्हणून ती अट रमाबाईंनीही मान्य केली होती.

11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला हललं. पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई म्हणजेच पुढच्या आनंदीबाई कर्वे. सल्लागार मंडळात रानडे आणि भांडारकर. इतकं सगळं जुळून आलेलं असताना 1893 मध्ये ते फिसकटलं. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडं असे, आणि काही मुली आपणहून येऊन बसत. दार बंद करायला रमाबाई तयार नव्हत्या. सल्लागारांनी राजीनामे दिले, 'केसरी'ने झोड उठवली, पालकांनी बऱ्याच मुली घरी नेल्या.

त्या वादात कोण बरोबर हा या लेखाचा विषय नाही. मला त्यातली एकच गोष्ट टिपून ठेवायची आहे. शाळा बंद पडली नाही, कारण बॉस्टनचे पैसे येत राहिले. म्हणजे हमी वाईट नव्हती, तिने वाईट दिवसांत तारून नेलं होतं. एखाद्या गोष्टीने आपल्याला एकदा वाचवलं की तिच्यावरचा हात काढणं जास्तच अवघड होतं.

रमाबाई व्यवहाराला कच्च्या नव्हत्या. दहा वर्षं एक दिवस संपणार हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेऊन त्यांनी विहिरी खणल्या आणि आंबा, संत्री, लिंबाची झाडं लावली. कबुली संपेपर्यंत बाग धरेल आणि शाळा फळांवर चालेल, असा बेत. ज्या बाईला आपण आज विश्वासाचं उदाहरण म्हणून सांगतो, त्या बाईने संत्र्याच्या झाडाला किती वर्षांनी फळ धरतं याचा हिशेब मांडला होता, हे विसरून चालणार नाही.

त्याआधीचा एक दुष्काळ

हे प्रकरण 1896 पासून सांगता येतं, पण त्याचं मूळ 1874 मध्ये आहे.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे. बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवलं म्हणून समाजाने दूर धरलेला, तरी अत्यंत धर्मनिष्ठ माणूस. कुटुंब तीर्थातीर्थांतून फिरायचं, पुराणं सांगायचं आणि मिळेल त्यावर गुजराण करायचं. दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा गाठीचं होतं नव्हतं ते देवकार्यात, दानधर्मात गेलं. देव प्रसन्न होईल, संकट टळेल, ही श्रद्धा. मजुरी करायची तर ब्राह्मण्य आडवं येई आणि भीक मागायची तर लाज. शेवटी जंगलात पाला आणि पाणी यांवर दिवस काढायची पाळी आली. वडिलांनी जलसमाधी घ्यायचं ठरवलं. तेव्हा थोरला भाऊ श्रीनिवास म्हणाला की कुळाचा अभिमान सोडून मी मजुरी करीन. वडील तरीही वाचले नाहीत. थोड्याच दिवसांत आई गेली, पाठोपाठ थोरली बहीण. आई शेवटची घटका मोजत असताना सोळा वर्षांच्या रमाबाई कुणाच्या तरी दारात गेल्या आणि भाकरीचा तुकडा घेऊन आल्या. तो गिळण्याइतकी ताकद आईत उरली नव्हती.

हे सगळं रमाबाईंनी पुढे स्वतः लिहून ठेवलं आहे. वडिलांबद्दल त्यात कडवटपणा नाही, प्रेमच आहे. पण त्या वाट पाहत बसण्याबद्दलचा त्यांचा निवाडा स्पष्ट आहे. इथेच मला या प्रकरणाचा खरा प्रश्न दिसतो. अनंतशास्त्रींनीही सगळं देऊन टाकलं होतं. त्यांनीही देवावर भरवसा ठेवला होता. उद्याची चिंता त्यांनीही केली नव्हती. मग मुलीचा भरवसा बापाच्या भरवशापेक्षा निराळा कसा? 'एकाचा देव खोटा आणि दुसरीचा खरा' एवढं म्हणून बरेच ख्रिस्ती वक्ते इथून पुढे सटकतात. मला ते उत्तर आळशी वाटतं. कारण पुढची पंचवीस वर्षं रमाबाईंनी जे केलं त्यात त्यांनी बापाचं औदार्य सोडलं नाही, फक्त श्रीनिवासचं वाक्य त्याला जोडलं. मजुरी करीन.

पंधराचा वर्ग

1896 च्या उन्हाळ्यात लोणावळ्याला ख्रिस्ती मेळावा भरला होता. शारदा सदनातल्या पंधरा मुली तोवर ख्रिस्ती विश्वासात आल्या होत्या आणि त्या रमाबाईंबरोबर होत्या. तिथे प्रार्थना करताना रमाबाईंच्या मनात आलं की पुढच्या मेळाव्यापर्यंत या संख्येचा वर्ग व्हावा असं मागावं. पंधराचा वर्ग, म्हणजे 225. शाळेत एकूण मुली पन्नासच्या आत-बाहेर असताना!

समाधानावरच्या लेखात ही गोष्ट अडचणीची आहे. समाधानी माणूस वर्ग करून मागतो का? आहे त्यात तृप्त असणारा मागेल तर दोन जास्त, पाच जास्त. आमच्या अभ्यासवर्गात हा प्रसंग सांगितला की एकजण तरी विचारतो, मग आम्ही पगार दुप्पट माग म्हटलं तर का चुकलं?

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर रमाबाईंच्या कपाटात सापडतं. पांढरं सुती लुगडं, शाकाहारी जेवण, आणि राहणं मुलींच्यातच. इंग्लंडमध्ये असताना या शाकाहारावरूनही तिथल्या धर्मभगिनींशी त्यांचे खटके उडाले होते. स्वतःपुरतं त्यांचं मागणं कधीच संपलेलं होतं आणि दुसऱ्यासाठीचं मागणं मोकाट सुटलेलं होतं. बायबलमध्ये प्रेषित पौलाने आपल्या शिष्याला, तीमथ्याला लिहिलं त्यात अन्नवस्त्र असल्यास तेवढ्याने तृप्त असावं असं आहे. पण ते वाक्य 'आपल्याला' अन्नवस्त्र असण्याबद्दल आहे. दुसऱ्याच्या उपाशीपणाबद्दल तृप्त असावं असं शास्त्रात कुठेही नाही. या दोन तृप्तींची गल्लत आपण सोयीने करतो. दुसऱ्याची उपासमार पाहून जी शांतता वाटते तिला समाधान हे नाव देणं सोपं असतं.

मध्य प्रांत

त्याच वर्षी पाऊस दगा देऊन गेला. मध्य प्रांतातून बातम्या येऊ लागल्या: गावंच्या गावं उठली आहेत, माणसं रस्त्यात मरत आहेत, आणि अनाथ मुलींना फूस लावून नेणारे दलाल फिरत आहेत.

रमाबाई लगेच निघाल्या नाहीत. हा भाग सहसा गाळला जातो, मला तो सर्वांत जवळचा वाटतो. त्यांनी स्वतः सांगितलं आहे की आधी त्यांनी मनाला समजावलं: माझ्याकडे पैसे ठरावीक, माणसं ठरावीक, मी काही राणी किंवा सरकार नाही, हजारो लोकांचं मी काय करणार. हे सगळं खरंच होतं. बॉस्टनची कबुली पन्नास मुलींच्या शाळेची होती, दुष्काळाची नव्हती. हमीचा एक गुण असा की ती आपल्या दयेची हद्दसुद्धा आखून देते. इतक्या मुलींचे पैसे येतात, म्हणून इतक्या मुलींबद्दल आपल्याला वाटायचं.

पण 1874 मधला भाकरीचा तुकडा विसरता येण्यासारखा नव्हता. त्या गेल्या. दुष्काळी छावण्यांतून, धर्मशाळांतून, रस्त्याच्या कडेने मुली गोळा केल्या आणि तुकडीतुकडीने रेल्वेने पुण्याला आणल्या. 1897 च्या सुरुवातीच्या महिन्यांत हा आकडा तीनशेच्या घरात गेला. हाडांचे सापळे, अंगावर खरूज, डोक्यात उवा, कित्येकींना संग्रहणी. काही वाटेतच गेल्या.

आणि मग प्लेग. पुण्यात प्लेगचा बंदोबस्त सुरू झाला आणि इतक्या मुली शहरात ठेवता येईनात. त्यांना केडगावच्या बागेत नेलं. तंबू, छपरं, झाडाखाली शाळा. संत्र्याच्या उत्पन्नासाठी घेतलेली जमीन मुलींनी भरून गेली. बेत असा होता की बाग शाळेला पोसेल. झालं असं की बाग धरायच्या आधीच बागेत दुष्काळ राहायला आला.

याच काळात त्यांच्याकडच्या एका मुलीला सरकारी प्लेग इस्पितळात नेलं गेलं आणि तिथल्या कारभारात तिचं वाईट झालं, असं रमाबाईंनी मे 1897 मध्ये मुंबईच्या 'बॉम्बे गार्डियन'मध्ये पत्र लिहून जाहीर केलं. प्रकरण ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेलं, गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी आरोप साफ नाकारले. रमाबाई मागे हटल्या नाहीत. समाधानी माणूस म्हणजे तक्रार न करणारा माणूस अशी ज्याची समजूत असेल त्याने हे पत्र ध्यानात ठेवावं. ज्या सरकारच्या मर्जीवर तीनशे मुलींचं राहणं अवलंबून होतं त्या सरकारला त्यांनी वर्तमानपत्रातून जाब विचारला होता.

1898

आता मुख्य पेच. पर्याय तीन होते.

पहिला, मुली कमी करायच्या. ठणठणीत झालेल्यांना इतर मिशनांत, कामावर, लग्नं लावून पाठवायचं आणि पुन्हा पन्नासांवर यायचं. यात लबाडी काही नव्हती, काही मुली त्यांनी तशा इतरत्र पाठवल्याही होत्या. दुसरा, अमेरिकेला जाऊन जुन्याच अटींवर आणखी दहा वर्षांची कबुली आणायची. लोक त्यांना ओळखत होते, नाव झालं होतं, अवघड नव्हतं. तिसरा, उघडपणे ख्रिस्ती संस्था काढायची, मुलींची संख्या आकड्यात बांधायची नाही आणि ठरावीक उत्पन्नाची हमी मागायची नाही.

या तिसऱ्या पर्यायाचं बीज त्यांच्या वाचनात होतं. ब्रिस्टलचे जॉर्ज म्यूलर, चायना इनलँड मिशनचे हडसन टेलर, न्यू हेब्रिडीज बेटांवरचे जॉन पेटन यांची चरित्रं त्यांनी वाचली होती. म्यूलर यांनी पाच इमारतींत दोन हजारांवर अनाथ मुलं सांभाळली, माणसांपुढे हात न पसरता, असं ते सांगत. 1907 मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत रमाबाई म्हणतात की हे वाचून मला सारखं वाटे, हिंदुस्थानातही कुणीतरी असं मिशन का काढत नाही, निव्वळ देवावर विसंबून? आणि मग देवाने मलाच विचारलं, दुसऱ्याने करावं असं म्हणण्यापेक्षा तूच का सुरू करत नाहीस? अवघड काम दुसऱ्याने करावं ही इच्छा किती सोपी असते, अशी स्वतःलाच कोपरखळी त्या मारतात. रमाबाईंचा विनोद बहुधा असा स्वतःवरच असतो.

1898 च्या आरंभी त्या अमेरिकेला गेल्या. मिनी अब्राम्स या अमेरिकी मिशनरी बाईंनी मागे केडगाव सांभाळलं. बॉस्टनमध्ये रमाबाईंनी झालं ते सगळं सांगितलं: शारदा सदन तुमच्या अटीवर चाललं, पण केडगाव मी ख्रिस्ताच्या नावाने सुरू केलं आहे. जुन्या संघटनेची मुदत संपली होती. मार्चमध्ये 'अमेरिकन रमाबाई असोसिएशन' या नावाने नवी संघटना झाली. मदत थांबली नाही, पण वाढत्या मुलींना पुरेल अशी बांधील रक्कम आता कुणी लिहून दिलेली नव्हती. त्याच मार्चमध्ये ब्रिस्टलला म्यूलर वारले. वय 92.

परत आल्यावर 24 सप्टेंबर 1898 ला केडगावच्या संस्थेची रीतसर स्थापना झाली. नाव 'मुक्ती'. बायबलमधल्या यशयाच्या साठाव्या अध्यायातल्या, शहराच्या कोटांना तारण म्हणण्याच्या वचनावरून.

भाकरीचा हिशेब

दोनच वर्षांत दुसरा दुष्काळ आला. संवत 1956 चा म्हणून गुजरातेत त्याला अजून 'छप्पनियो' म्हणतात. आता रमाबाईंना जावं लागलं नाही. पहिल्या दुष्काळातून वाचलेल्या मुलीच मोठ्या बायांबरोबर गुजरात, काठेवाडकडे गेल्या आणि आपल्यासारख्यांना शोधून घेऊन आल्या. 1900 नंतर मुक्तीतला आकडा एकोणीसशेच्या आसपास पोचला.

जरा पाटावर बसून गणित करू. माणशी रोज अर्धा किलो धान्य धरलं, तर एकोणीसशे माणसांना दिवसाला साडेनऊ क्विंटल लागतात. महिन्याला 285. वर मीठ, तेल, सरपण, कपडा, औषध. ही माझी ढोबळ बेरीज आहे, त्यांच्या वहीतली नाही. पण 'आमची रोजची भाकर आज आम्हाला दे' हे वाक्य म्हणणाऱ्या बाईपुढे रोज सकाळी साधारण किती भाकरी उभ्या राहत असतील याचा अंदाज यावा. आपल्या मराठी शास्त्रात तिथे 'भाकर' शब्द आहे याचं मला नेहमी बरं वाटतं. भाकर शिळी झाली की कडक होते. साठवणीचं ते अन्नच नव्हे.

आणि हे निव्वळ आकाशातून पडत नव्हतं. मुक्तीत शेती होती, भाजीपाला होता, गुरं होती, तेलाचा घाणा, हातमाग, शिवण, पुढे छापखाना. आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवत आणि वेताच्या, विणकामाच्या कामाला लावत. येईल तो पैसा पुरवून पुरवून वापरला जाई. वाळवंटात इस्राएलाला मान्ना, म्हणजे देवाने दिलेलं रोजचं अन्न, मिळाला तेव्हाही तो भल्या पहाटे उठून, वाकून, ओमर नावाचं माप भरून वेचावाच लागत होता. देवाने तो थेट ताटात वाढल्याचं बायबलच्या निर्गम या पुस्तकात नाही. उद्यासाठी ठेवला तर किडे पडत, आणि न वेचणारा उपाशी राही. या दोन ओळींच्या मधल्या चिंचोळ्या वाटेवर केडगावचं स्वयंपाकघर चाललं.

अनंतशास्त्रींच्या भरवशात आणि या भरवशात फरक काय, याचं माझं उत्तर इथे आहे. वडील देवाचा वर मिळावा म्हणून देत होते आणि मिळेपर्यंत तळ्याकाठी थांबले होते. मुलीने मिळेल की नाही हे देवावर सोडलं, पण तिकीट काढायचं, विहीर खणायची, घाणा फिरवायचा हे सोडलं नाही. निकालाची हमी सोडणं आणि काम सोडणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे 'देवावर सोडलं' असं म्हणताना बहुधा दुसरी सोडलेली असते आणि पहिली घट्ट धरलेली.

शंका

ही गोष्ट इतकी उजळ करून सांगितली जाते की तिच्या सावल्या दिसेनाशा होतात. काही शंका मी स्वतः बाळगून आहे.

पहिली, 'मागितलं नाही' हे कितपत खरं? मुक्तीची खबर देणारं इंग्रजी नियतकालिक निघे, पत्रं जात, पाहुणे येत, उपाशी मुलींची छायाचित्रं परदेशी वाचकांपर्यंत पोचत. म्यूलरही वार्षिक अहवाल काढत होते. गरज छापून पाठवायची आणि म्हणायचं आम्ही फक्त देवाला सांगतो, यात थोडी चलाखी नाही का? मी बरेच दिवस यावर अडलो होतो. मग फिलिप्पैकरांस पत्राचा चौथा अध्याय नीट वाचला. ज्या अध्यायात पौल म्हणतो की असेल त्या स्थितीत तृप्त राहायला मी शिकलो आहे, तो अध्याय खरं तर देणगीची पोच आहे! फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीतच्या हाती मदत पाठवली होती आणि बंदिवासात असलेला पौल ती मिळाल्याचं कळवतो आहे. तिथे त्याने वापरलेला ग्रीक शब्द 'आवतार्केस', स्वतःपुरता पुरेसा, कुणाची गरज नसलेला, हा स्तोइक, म्हणजे सुखदुःखात अविचल राहा म्हणणाऱ्या प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञांचा लाडका शब्द. पौल तो उचलतो आणि लगेच दोन ओळींनंतर म्हणतो की हे माझ्या बळावर नाही, जो मला सामर्थ्य देतो त्याच्या बळावर. (हेच वचन आज गाड्यांच्या मागच्या काचेवर असतं आणि परीक्षेआधी मुलांना पाठवलं जातं. मूळ संदर्भ उपाशी राहण्याचा आहे.) मग तो पैसे पाठवल्याबद्दल आभारही मानतो, अवघडल्यासारखा, पण मानतो. समाधान आणि दुसऱ्याचं देणं यांचं वैर नाही. त्यामुळे पहिल्या शंकेवर माझा निवाडा असा की रमाबाईंनी माणसांना सांगितलं, पण माणसांना बांधून घेतलं नाही. फरक बारीक आहे, पण आहे.

दुसरी शंका जास्त जड आहे. निवड रमाबाईंनी केली, भोगणाऱ्या मुली होत्या. एखादा महिना पैसे आले नसते तर उपाशी कोण राहिलं असतं? भरवसा एकाचा आणि जोखीम एकोणीसशे जणींची, हा सौदा न्याय्य आहे का? रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये मिशनचा पगार सोडला, तेव्हा घर चालवायचं होतं लक्ष्मीबाईंना. विश्वासाने जगणाऱ्या माणसाच्या घरात बहुधा दुसरं एक माणूस डबे उघडून पाहणारं असतं. केडगावच्या बाबतीत एवढंच म्हणता येईल की त्या मुलींपुढचा पर्याय हमीचं घर नव्हता, रस्ता होता. आणि रमाबाई त्यांच्याच पंगतीला होत्या. बॉस्टनला बसून कुणी केडगावच्या पोटांवर प्रयोग करत नव्हतं. तरी शंका पुरती फिटत नाही, आणि पाळकांनी ती फिटली असं भासवूही नये. दोन लेकरं असलेल्या बापाने कुणाचंही न ऐकता नोकरी सोडून 'देव पाहील' म्हटलं, तर रमाबाई त्याच्या बाजूने साक्ष द्यायला येतीलच असं मला वाटत नाही.

तिसरी, मुलींचं धर्मांतर. उपाशी माणसाने खायला घालणाऱ्याचा देव पत्करला तर त्यात त्याची मर्जी किती, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि आजही विचारला जातो. तो टाळून हे प्रकरण सांगणं अप्रामाणिक ठरेल. मी स्वतः ख्रिस्ती आहे, त्यामुळे माझं उत्तर कुणी निःपक्षपाती धरू नये. रमाबाईंची भूमिका मात्र लपलेली नव्हती. धर्माबद्दल मौन राखायच्या अटीचे पैसे हाती असताना त्यांना जे अवघडलेपण होतं ते 1898 नंतर संपलं. देणाऱ्यालाही, घेणाऱ्यालाही आणि टीकाकारालाही संस्था काय आहे ते पाटीवरच वाचता येऊ लागलं. हमी सोडण्यातला हा एक फायदा हिशेबात धरला जात नाही.

विश्वास ठेवला की देव धनसंपत्ती देतो अशी 'समृद्धीची सुवार्ता' सांगणारेही आता हे प्रकरण वापरतात: बघा, रमाबाईंनी विश्वास ठेवला आणि देवाने शंभर एकरांवर संस्था दिली. हे उलटं वाचन आहे. जमीन आधीची होती. विश्वासाने मिळाल्या त्या मुली, म्हणजे खर्च.

त्यानंतर

मनोरमा ही रमाबाईंची एकुलती एक मुलगी, जन्म 1881 चा. वडील बिपिन बिहारी मेधावी ती दहा महिन्यांची असताना कॉलऱ्याने गेले. ती मुंबई विद्यापीठाची पदवीधर झाली, शारदा सदनाची मुख्याध्यापिका झाली, आणि मुक्तीचा कारभार तिच्याच हाती जाणार हे जवळपास ठरलेलं होतं. हमी म्हणायची तर एवढी एकच रमाबाईंकडे उरली होती. जुलै 1921 मध्ये मनोरमा वारली, चाळिसाव्या वर्षी.

रमाबाईंना तेव्हा ऐकू कमी येत असे आणि प्रकृती खालावली होती. हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं साध्या मराठीत भाषांतर करण्याचं काम त्यांनी बरीच वर्षं चालवलं होतं. ते त्यांनी थांबवलं नाही. खेड्यातल्या बाईला वाचता येईल अशी मराठी त्यांना हवी होती. टाइप जुळवणं, छापणं, पानं दुमडणं हे सगळं मुक्तीच्या छापखान्यात तिथल्याच मुली आणि बाया करत होत्या. त्यांतल्या कित्येकी दुष्काळात आलेल्या, आल्या तेव्हा अक्षर न ओळखणाऱ्या.

5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या. भाषांतर पुरं झालं होतं. 1924 मध्ये ते केडगावातच छापून बाहेर पडलं.